पोळ्याची एकच झडती

लिही पोरी संस्कृती, अन् मी बुढी जसं बोलून राह्यली तसंच लिही. शाळेतल्यासारखं गुळगुळीत करू नको.

ही गोष्ट प्रयागबाईची. गावाचं नाव लिहू नको. कारंज्याहून मानोऱ्याच्या रस्त्यानं एसटीनं आलं की फाट्यावर उतराचं अन् आत चालत जाचं, येवढंच लिही. नाव लिहून त्या गावाची इज्जत कायले वाढवाची?

प्रयागबाईची नाल्याच्या काठाले एक एकराची वाडी. पालक, मेथी, वांगे अन् सांबार. सांबार म्हंजे कोथिंबीर, शहरातल्या लोकाइले हे सांगाव लागते. सकाळच्या पहिल्या गाडीनं ती कारंज्याले जाये, बाजारात पोतं आंथरून बसे, अन् दुपारच्या गाडीनं वापस ये. तिची जुडी दुरून वळखू येये. मुळं धुतलेले, केळीच्या सोपटानं कसून बांधलेली, एक पिवळं पान सापडन त शप्पथ. जुडीसारखंच तिचं बोलनंबी कसलेलं. उगाच चार शब्द जास्त नाही.

शब्द सारे तिच्या नवऱ्यापाशी होते. शालिकराम त्याचं नाव. तीन एकर वावर, मोऱ्या अन् चांद्या ही बैलाइची जोडी, अन् गावात वळख म्हंजे झडतीवाला. पोळ्याले बैलं तोरनाखाली उभे राह्यले की रांगेपुढं एकानं यावं, खड्या आवाजात चार ओळी म्हनाव्या, कोनाची खोड काढावी, कोनाची जिरवावी, अन् शेवटी महादेवाचं नाव घ्यावं. मंग साऱ्या गावानं एका तोंडानं ‘हर हर महादेव’ म्हनावं. त्याले झडती म्हनतात. शालिकरामाची झडती ऐकाले बाजूच्या दोन गावातून लोक येत. कोनी उलटं बोललं त तो त्यालेच पकडून जागच्या जागी दुसरी झडती रचे. लोक पोट धरधरून हासत.

चार वर्षांमांगच्या पोळ्यात तो थांबलाच नाही. तोरन तुटलं, पोळा संपला, बैलं घरी गेले, दिवे लागले, अन् हा आखरावर, म्हंजे गावाबाहेरच्या ढोराइच्या मैदानात, उभा. एकामांगं एक झडती. डोळे लाल, ओठ सुकलेले. प्रयागबाई हात धरून ओढून राह्यली, अन् गाव काय करून राह्यलं? गाव खाली बसून राह्यलं! कोनी चहा आनून दिला. “होऊ द्या शालिकदादा, पुढची होऊ द्या!” कोनाच्याच डोक्यात आलं नाही का मानूस जेवला नाही, झोपला नाही. फुकटचा तमाशा भेटला की आपल्या लोकाइले डोळे राहतात, अक्कल राहत नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं बैलं नेऊन रस्त्यावर एसटीपुढं उभे केले अन् डायवरले झडती सांगाले लागला. तवा गाव म्हने, अरे, हा त पागल झाला! तीन दिवस लागले त्या हुशार लोकाइले.

मंग जगदेव पुढं झाला. जगदेव म्हंजे शालिकरामाचा मोठा भाऊ, घरातला कर्ता, धोतर पांढरं अन् बाकी काही पांढरं नाही. चार मानसं लावून त्यानं भावाले गोठ्यात नेलं अन् दावनीले बांधलं. बैलाच्या दावनीले, बैलाच्या दोरानं. आठ दिवस. लिंबाचा उतारा झाला, कोंबडं झालं, कोनीतरी म्हनलं बायकोनंच काही खाऊ घातलं असन. ते बोलनारी बाई रोज प्रयागबाईच्याच वाडीतून फुकट सांबार नेये. नवव्या दिवशी जीप आली अन् शालिकरामाले नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात भरती केलं. सही जगदेवाची. फोन नंबर जगदेवाचा. बैलं जगदेवाच्या गोठ्यात, ‘सांभाळाले’. तीन एकर वावर जगदेवाच्या वखराखाली, तेबी सांभाळाले. लय सांभाळनारा मानूस.

आता एक चाल सांगाव लागते. आपल्यात बाई भासऱ्यापुढं, म्हंजे नवऱ्याच्या मोठ्या भावापुढं, तोंड उघडत नाही. पदर पुढं ओढाचा अन् काही इचाराचं असन त जावेले इचाराचं. प्रयागबाई तीस वर्ष हे पाळत आली. म्हनून दर महिन्याले ती जगदेवाच्या दारात जाये. जगदेव समोर बाजेवर बसलेला, अन् इचाराचं कोनाले? त जावेले, भागिरथाले.

“बाई, इचारा ना भाऊजीइले, त्याइची तब्येत कशी हाय म्हना.”

भागिरथा दोन हातावर बसलेल्या नवऱ्याकडं तोंड करे. “अवो, प्रयागा इचारते.”

“सांग तिले,” जगदेव म्हने, “डाक्टर म्हनते अजून टाइम लागीन.”

“टाइम लागीन म्हनते वो,” भागिरथा म्हने. जसं काही प्रयागबाई बहिरी.

“अन् मले भेटाले नेतीन का, इचारा.”

“सांग तिले, बाया तठी चालत नाहीत.”

असे साडेतीन वर्ष गेले. खोटं बोलाले काय वजन लागते? नाही लागत. बाजेवर बसल्या बसल्या होते.

होळीच्या तोंडावर फाट्यावर एक मॅडम स्कुटीवरून उतरल्या. उज्ज्वला त्याइचं नाव. दवाखान्यातून बरे झालेल्या मानसाइले घरी पोचवाचं, घरच्याइले समजावून सांगाचं, हे त्याइचं काम. पहिले त्या जगदेवाकडं गेल्या. तठून अर्ध्या घंट्यात बाहेर पडल्या त तोंड लाल. मंग इचारत इचारत वाडीत आल्या. प्रयागबाई पालक कापून राह्यली होती.

“ताई, तुमी शालिकराम यांच्या कोन?”

“बायको.”

मॅडम बांधावरच बसल्या. “मले त घरचे म्हनले, बायको माहेरी निंघून गेली. ताई, तुमचा नवरा दोन वर्षापासून बरा हाय. न्याले या म्हनून आमी फोन करून राह्यलो, चिठ्ठ्या पाठवून राह्यलो. तिकडून येकच, पेरनी चालू हाय, सोंगनी चालू हाय, पुढच्या महिन्यात पाहू.”

प्रयागबाईनं इळा खाली ठेवला. दोन वर्ष. दोन वर्षाच्या सोंगन्या-कापन्या कोनाच्या वावरात झाल्या, हे तिले इचाराव नाही लागलं. पालक तसाच पडू दिला. हात धुतले, अन् म्हनली, “उद्या पहिली गाडी सहाले हाय. मी याले तयार हाय.”

नागपूरले शालिकराम बाकड्यावर बसलेला होता. दाढी केलेली, केस बारीक, अंग थोडं सुटलेलं. बाजूले कापडाची पिशवी. मॅडमनं सांगलं का ती पिशवी त्यानं दोन वर्षापासून भरूनच ठेवली होती, अंगावरचा कपडा बदलाचा असन त तेवढाच काढे अन् धुऊन वापस भरे. त्यानं बायकोकडं पाह्यलं. लय वेळ पाह्यलं. अन् इचारलं काय?

“मोऱ्या-चांद्या हायत का?”

“हायत,” ती म्हनली. “चला.”

मॅडमनं त्याइले साऱ्या गोष्टी सांगल्या. सकाळी एक गोळी, संध्याकाळी एक, जेवल्यावर. महिन्याले वाशिमच्या दवाखान्यात जाऊन दाखवाचं. झोप पक्की पायजे. हाताले काम पायजे. अन् गोळी कोनाच्या सांगन्यावरून बंद कराची नाही, गावातला कोनी किती का शहाना असना. प्रयागबाईले वाचता येत नाही, म्हनून तिनं सोताची अक्कल चालवली. सकाळच्या गोळ्या ठेवल्या चहापत्तीच्या डब्यात, कागदात गुंडाळून. संध्याकाळच्या मिठाच्या डब्यावर. चहाबिगर सकाळ होत नाही, मिठाबिगर भाजी होत नाही. एक दिवस खाडा झाला नाही. शिकलेल्या लोकाइचे खाडे होतात.

काम म्हनशील त जुड्या बांधाचं. पहिले आठ दिवस त्याच्या बोटाइले कंप सुटे, दवाईनं होते म्हने तसं. सोपट हातातून निसटे. ती त्याची ढिली जुडी उचले, गुपचूप कसून ठेवून दे. पंधरा दिवसानं कसाव नाही लागली.

अन् गाव? गावाचं काय सांगू. लेकराइले आत ओढून दारं लावत. ज्या बाया वाडीत सांबार घ्याले येत त्या इचारत, “प्रयागाबाई, ही जुडी तुमी बांधली का त्याइनं?” जसं काही पागलपन सांबाराले चिपकते अन् वरनातून पोटात जाते! एक दिवस प्रयागबाई म्हनली, “त्याइनं बांधली. खाऊन पाहा. तुमाले थोडी अक्कल आली त आली.” त्या बाया मंग दुसरीकडून सुकलेला सांबार घेत. घ्या!

फाट्यावर भाऊसिंगाची चहाची टपरी. हा भाऊसिंग म्हंजे गावाचा रेडिओ, बॅटरी कधी संपत नाही. चार वर्षांमांगं आखरावर चहा आनून देनारा अन् ‘पुढची होऊ द्या’ म्हननारा हाच. आता शालिकराम टपरीवर गेला की साऱ्याइले काचेचा गिलास, अन् याले कागदाचा कप. शालिकराम कप घे, पिये, अन् कप सोताच उचलून बाजूच्या डब्यात टाके. एक दिवस प्रयागबाई बाजारातून उतरली अन् तिनं ते पाह्यलं.

“भाऊसिंग,” ती म्हनली, “याइले गिलास काहून नाही?”

“वहिनी, तसं काही नाही. साफसफाईसाठी.”

“बाकी सारे घानेरडे हायत का मंग?”

चारजन हासले. भाऊसिंग कान खाजवून म्हने, “आता वहिनी, डोक्याची बिमारी हाय...”

“डोक्याची हाय ना? का ओठाची हाय? अन् उष्ट्यानं डोकं लागलं असतं ना भाऊसिंग, त तुले कोनाचं तरी कवाच लागलं असतं. इतक्या लोकाइचे गिलास धुतो तू.”

भाऊसिंगानं गिलास दिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा कागदी कप. तसले लोक एका दिवसात सुधरत नाहीत, दहा दिवसातबी नाही.

पन प्रयागबाईची एक चूक झाली, अन् तेबी लिही, नाहीतर म्हनतीन बुढीनं नुसती तारीफ केली. एक दिवस शालिकराम वांग्याइले पानी देताना गुनगुनाला. नुसतं गुनगुनाला. ती घमेलं टाकून धावत आली अन् त्याच्या तोंडावर हात ठेवला. “अवो, नाही! ते नाही! तुमाले माही शप्पथ हाय.” तिले वाटलं झडतीनंच त्याले बिमारी लावली. साऱ्या गावालेबी तसंच वाटे. तो चूप झाला. असा चूप झाला का मंग ‘मीठ दे’ बी म्हनेना, बोटानं दाखवे. तिले बरं वाटलं. गाव म्हने, पाहा, कसा गुम्म्यासारखा बसते, बरा कुठी झाला? बोलला असता त म्हनले असते, पाहा, पुन्हा लागलं.

पावसाच्या दिवसात उज्ज्वला मॅडम आल्या. त्याइनं गोळ्या मोजल्या, झोपेचं इचारलं, अन् मंग म्हनल्या, “दादा बोलत काहून नाहीत?”

“म्याच सांगलं,” प्रयागबाई म्हनली. “बोलन्यानंच झालतं ना सारं.”

“बोलन्यानं नाही झालं ताई. बिमारी झाली म्हनून बोलनं थांबेना. तुमी उलटं धरून बसल्या. मानूस बोलला अन् थांबला, जेवला, झोपला, त तो चांगला. थांबताच येत नसन, दोन रात्री डोळाच लागत नसन, तवा मले फोन करा. गोळी बिमारीसाठी हाय, जीभ बांधाले नाही.”

प्रयागबाईनं ऐकून घेतलं. पन भीती अशी काही सांगून निंघते का?

पोळा तोंडावर आला अन् शालिकराम पह्यल्यांदा सोताहून बोलला. जुडी बांधता बांधता म्हनला, “जोडी मी धरीन औंदा.”

येवढंच. पन येवढंच लय होतं. पोळ्यात जोडी जो धरते तो घराचा धनी. ज्याच्या हातात कासरा, त्याचं घर. तीन पोळे जगदेवानं दोन जोड्या धरल्या, एक सोताची अन् एक भावाची. आता हा आखरावर उभा राहीन, अन् सारं गाव पाहीन.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाइचे खांदे शेकतात. हळद अन् लोनी लावून खांदा चोळाचा अन् बैलाच्या कानात सांगाचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. प्रयागबाई हळदीची वाटी अन् लोनी घेऊन जगदेवाच्या गोठ्यात गेली. शालिकराम मांगं. मोऱ्यानं त्याले पाह्यलं अन् मान पुढं केली. चार वर्षानं! गावानं वळख सोडली, बैलानं नाही सोडली.

जगदेव दारात आला. “भागिरथा, तिले सांग, बैलाले हात लावाचा नाही म्हना. बिथरतीन.”

भागिरथानं तोंड उघडलंच होतं. पन त्या दिवशी प्रयागबाईनं डोक्यावरचा पदर तसाच ठेवला, अन् तोंड सरळ भासऱ्याकडं केलं. तीस वर्षानं पह्यल्यांदा.

“भाऊजी, जावेले कायले तरास देता? मले ऐकू येते.”

भागिरथाचं तोंड उघडंच राह्यलं. जगदेवानं इकडं तिकडं पाह्यलं, कोनी ऐकत त नाही.

“बैलं आमचे हायत,” ती म्हनली. “उद्या हेच धरतीन. अन् पोळ्यानंतर आमच्याच दारात येतीन.”

जगदेवाले राग आला, पन गल्लीत दोन मानसं थांबलेले. त्यानं आवाज बारीक केला. “धरू दे. सारं गाव पाहीन. पन आखरावर त्यानं तोंड उघडलं, एक झडती म्हनली, त मी समजीन पुन्हा सुरू झालं. जीप सांगून ठेवली म्या. चार मानसंबी सांगून ठेवले. जीप फाट्यावर अन् मानसं आखरावर उभे राहतीन.”

ती घरी आली अन् तिनं शेजारच्या पोरीच्या फोनवरून मॅडमले फोन लावला. मॅडम म्हनल्या, “असं जीपीत टाकून कोनाले भरती करता येत नाही आता. डाक्टर पाहतीन, दादाइले सोताले इचारतीन. काही झालं त मले फोन करा, मी येते.” प्रयागबाईले पटलं. पन चार मानसं अन् जीप काही कायदा वाचून येत नाहीत, हेबी तिले पटलेलंच होतं.

तिनं नवऱ्याले सांगलं, “जोडी धरा. पन तोंड उघडू नका. जीप उभी हाय.”

त्यानं मान हालवली. वाटीत उरलेली हळद बोटानं पुसून काढली.

दुसऱ्या दिवशी दुपार कलली अन् आखर भरला. झुला, बेगड, घुंगरू, पोट्ट्याइचा कलकलाट. शालिकरामानं धुतलेलं धोतर नेसलं, टोपी घातली, अन् मोऱ्या-चांद्याचा कासरा हातात धरून रांगेत उभा राह्यला. आजूबाजूच्या मानसाइनं आपआपल्या जोड्या दोन दोन पावलं बाजूले घेतल्या. बैलं त बिथरले नाहीत, मानसंच बिथरले. बाया मारोतीच्या ओट्यावर. तठी प्रयागबाई.

एकदोघाइनं झडत्या म्हनल्या, जुन्याच, पडलेल्या आवाजात. कोनाले मजा येईना. अन् मंग भाऊसिंगानं तोंड उघडलं. त्याच्याबिगर कोन उघडनार?

“अरे, आपला वस्ताद उभा हाय ना! शालिकदादा, होऊ द्या एक! का नागपूरवाल्याइनं जीभ ठेवून घेतली?”

सारा आखर हासला. ज्याइनं दारं लावली ते हासले, ज्याइनं सांबार घेतला नाही त्या बाया ओट्यावर पदर तोंडाले लावून हासल्या. जगदेव हासला नाही. तो फाट्याच्या रस्त्याकडं पाहून राह्यला होता.

शालिकरामानं वर पाह्यलं. भाऊसिंगाकडं नाही, भावाकडं नाही. ओट्याकडं. बायकोकडं. अन् तो तसाच पाहत राह्यला, इचारल्यासारखा.

प्रयागबाईच्या मनात काय झालं असन? जीप फाट्यावर. चार मानसं आखराच्या कोपऱ्यात, इड्या ओढून राह्यले. नुसती नाही म्हनून मान हालवली असती त तो चूप राह्यला असता. पोळा सुखानं झाला असता, अन् बैलं घरी आले असते. अन् तो जलमभर बोटानं मीठ मांगत राह्यला असता. तवा तिले तिचाच हात दिसला, सोताच्याच तोंडावर ठेवलेला, वाडीत त्याच्या तोंडावर ठेवला होता तोच, अन् तो तिनं काढला.

ती ओट्यावर उभी राह्यली. सासरे-भासरे समोर बसलेले, अन् ही उभी राह्यली.

“म्हना वो,” ती म्हनली. “एक म्हना.”

शालिकराम दोन पावलं पुढं आला. कासरा सोडला नाही. आवाज पहिले घोगरा निंघाला, मंग मोकळा झाला.

“बैलाचा शेकला खांदा, बैलाले पुरनाची पोळी,
मानसाले कागदी कप, अन् पाठीमांगं टवाळी;
बैल मुका त पुजून राह्यले, मानूस मुका त हासून राह्यले,
सांगा गावकरी, दावनीले तुमी कोनाले बांधून राह्यले?
एक नमन गौरा पारबती, हर बोला...”

अन् आता पाह्य गंमत. झडतीच्या शेवटाले महादेवाचं नाव येते, अन् ते आलं की साऱ्या गावाले म्हनाचंच लागते. नाही म्हनून चालत नाही, पोळा हाय, देव हाय, बैलं उभे हायत. ज्याइच्या तोंडात बसली त्याइलेच तोंड उघडाव लागलं. पहिले बुढे म्हनले, मंग सारे.

“हर हर महादेव!”

भाऊसिंग म्हनला. त्या बाया म्हनल्या. इड्या टाकून ते चार मानसंबी म्हनले. जगदेव म्हनला. दात खाऊन म्हनला, पन म्हनला. चार ओळीत त्यानं गावाच्या अंगावरचं धोतर काढून घेतलं, अन् गावानंच देवाचं नाव घेऊन पावती दिली.

मंग सारे वाट पाहाले लागले. दुसरीची. आता हा थांबनार नाही, आता सुरू झाला, हेच त्याइच्या डोळ्यात. जगदेवानं त्या चार मानसाइकडं बोट वर केलं, अर्धवट.

शालिकराम मांगं सरला. रांगेत जाग्यावर उभा राह्यला. चांद्याच्या शिंगावरचं बेगड निसटलं होतं, ते नीट बसवलं.

“अजून एक होऊ द्या दादा!” भाऊसिंग म्हने, पन आवाजात आता तेल नव्हतं.

“माही झाली,” शालिकराम म्हनला. “आता तुही पाळी.”

भाऊसिंगाले काय येते? चहा येते, तोबी पानचट. कोनी पुढं आलं नाही. तोरन तुटलं. जगदेवाचं बोट तसंच वर राह्यलं होतं, ते त्यानं कान खाजवाले लावलं.

बैलं निंघाले. आता खरी गोष्ट अठी हाय. मोऱ्या-चांद्याले चार वर्षाची सवय, ते गल्लीच्या तोंडाले जगदेवाच्या दाराकडं वळले. भागिरथा पान्याचा लोटा अन् आरती घेऊन उभी. शालिकरामानं कासरा एकदा ओढला, जोरात नाही. अन् म्हनला, “अरे, इकडं.” बैलं थांबले, मान फिरवली, अन् खालच्या आळीले, आपल्या घराकडं लागले. प्रयागबाईनं दारात चारी पायाच्या खुराइवर पानी टाकलं, कपाळाले कुकू लावलं, पुरनाची पोळी चारली. त्या पान्यात तिचं बी पानी किती पडलं ते कोनी पाह्यलं नाही, पाहाले तठी कोनी आलंच नव्हतं.

आला त जीपवाला. परगावचा पोट्टा, त्याले काही माहीत नाही. दारात येऊन म्हने, “काकी, दुपारपासून फाट्यावर उभा हाय. नागपूरचा पेशंट न्याचा म्हनत होते. कोन हाय?”

शालिकराम गोठ्यात बैलाइले सरकीची ढेप टाकून राह्यला होता. प्रयागबाईनं ताटात दोन पोळ्या ठेवल्या, वर तूप सोडलं.

“अगोदर जेवून घे बापा,” ती म्हनली. “मंग फाट्यावर जा. टपरीपुढं बसलेले असतीन, त्यातला तुले जो वाटन तो ने.”

अन् गाव? गावाचं पोट अजून भरलं नव्हतं. जेवनं झाले, दिवे लागले, अन् एकेकाचं प्रयागबाईच्या दारापुढून काम निंघाले लागलं. कोनी इरजन मांगाले आली. कोनी हरवलेली बकरी पाहाले आला, ज्याच्या घरी बकरी नाही तो. भाऊसिंग दोनदा गेला. कुडाशी कान लावून साऱ्याइले एकच ऐकाचं होतं, का आत झडती सुरू झाली का नाही.

आत प्रयागबाईनं भाजीत मीठ घातलं होतं. डब्यावरची गोळी त्याले दिली होती. तो “पानी दे” म्हनला होता, बोटानं दाखवलं नव्हतं. अन् अंगनात बाजेवर पडला होता.

गावाले घोरनं ऐकू आलं. तेच ऐकत उभं राह्यलं, अन् मच्छर चावले तसं घरी गेलं.